मोठ्या कुटुंबाची सहल : मनोरंजन उद्यानाजवळ परवडणारा मुक्काम कसा शोधावा?

प्रतिनिधी, मुंबई

शाळांच्या परीक्षा संपून निकाल हाती पडले की, कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळी परिसरातील घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. आजी-आजोबा, दोन-तीन भावंडांचे संसार, माहेरपणाला आलेली आत्या आणि चार-पाच मुले अशी चौदा-पंधरा माणसे एकत्र निघणार असतात. मुलांचा हट्ट मनोरंजन उद्यानाचा असतो. तिकिटांचा खर्च चटकन कळतो, गाडीचे भाडेही विचारून समजते. बेत अडतो तो मुक्कामापाशी. हॉटेलची खोली दोघांच्या, फार तर तिघांच्या हिशेबाने बांधलेली असते. चौदा माणसांसाठी पाच खोल्या घ्यायच्या म्हटले की तिकिटांइतकाच खर्च निवासावर होऊ लागतो आणि मग कोणाला तरी घरी ठेवण्याची भाषा सुरू होते. घरी राहण्याची पाळी बहुधा आजी-आजोबांवरच येते.

ही वेळ टाळता येते. त्यासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे निवासाचा हिशेब खोलीवर न करता माणशी करावा आणि त्यात ने-आण, जेवण व कर हेही धरावेत. दुसरी म्हणजे मुक्कामाचे ठिकाण असे निवडावे, की उद्यानात न जाणाऱ्यांचाही दिवस सुटीचा ठरावा. उद्यानाच्या दारातील खोली या दोन्ही कसोट्यांवर क्वचितच उतरते.

गोराईहून खोपोलीकडे

मुंबईकरांना मुक्कामाचा हा प्रश्न पूर्वी पडत नसे. १९८९ साली बोरिवलीजवळ गोराई येथे एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम उभे राहिले. मार्वे किंवा गोराईच्या खाडीतून बोटीने जावे, दिवसभर पाळण्यांत बसावे आणि दिवेलागणीला घरी परतावे, असा दोन पिढ्यांचा शिरस्ता होता. अलीकडच्या वर्षांत एस्सेलवर्ल्डमधील खेळ बंद झाले. दरम्यान, मोठ्या मनोरंजन उद्यानाचे केंद्र सह्याद्रीच्या पायथ्याशी सरकले होते. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे एप्रिल २०१३ मध्ये 'अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका' सुरू झाले. २०१४ मध्ये तेथे जलउद्यान आले, २०१५ मध्ये आवारातच हॉटेल उभे राहिले आणि २०१६ मध्ये हिमउद्यानाची भर पडली. २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने हे उद्यान आपल्याकडे घेतले.

कांजूरमार्गहून हे ठिकाण रस्त्याने सुमारे सत्तर किलोमीटर आहे. पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंड, तेथून ऐरोली पुलावरून नवी मुंबई, कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि खालापूरला उतरून खोपोली-पाली रस्ता, असा हा मार्ग. एका दिवसात जाऊन येता येईल इतके ते जवळ आहे. परंतु लहान मुले आणि ज्येष्ठ सोबत असतील, तर दिवसाच्या अखेरीस सर्वांचीच दमछाक होईल इतके लांबही आहे. म्हणूनच मुक्कामाचा विचार करावा लागतो.

मुक्काम आधी की नंतर?

मुक्काम खरोखर हवा का, हे आधी ठरवावे. स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल, तर सकाळी सातच्या सुमारास कांजूरमार्ग सोडून उद्यान उघडण्याच्या वेळेस पोहोचता येते. अशा वेळी आदल्या रात्रीचा मुक्काम हा अनावश्यक खर्च ठरतो. मुक्काम करायचाच तर तो खेळ आटोपल्यानंतरच्या रात्री करावा. दिवसभर उन्हात आणि पाण्यात घालवलेल्या मुलांना घेऊन रात्री द्रुतगती मार्गावर येण्यापेक्षा जवळच विसावणे शहाणपणाचे असते. चालकालाही विश्रांती मिळते.

रेल्वेने जाणाऱ्यांचे गणित उलट असते. कांजूरमार्गला जलद गाड्या थांबत नाहीत. त्यामुळे धिम्या गाडीने ठाणे गाठून तेथून खोपोली लोकल पकडावी किंवा कर्जतला उतरून खोपोलीची गाडी घ्यावी लागते. या प्रवासात दोन तासांहून अधिक वेळ जातो आणि खोपोलीच्या गाड्या मोजक्याच असतात. स्थानकापासून उद्यान आणखी दहा-बारा किलोमीटर आहे. उद्यान बंद झाल्यावर परतीची गाडी मिळेल, या भरवशावर मोठ्या कुटुंबाने राहू नये. आदल्या संध्याकाळी पोहोचून एक रात्र काढावी आणि शक्य असल्यास दुसरी रात्रही तेथेच राहावे.

केवळ पाळण्यांची हौस भागवायची असेल आणि मुले लहान असतील, तर ठाण्यात मानपाडा परिसरातील टिकुजिनीवाडी हा जवळचा पर्याय आहे. तेथे मुक्कामाचा प्रश्नच उद्भवत नाही.

हिशेब माणशी करावा

चौदा जणांच्या कुटुंबाचे एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष दर हंगाम, वार आणि ठिकाण यांनुसार बदलतात.

हॉटेलच्या पाच खोल्या प्रत्येकी २,६०० रुपयांप्रमाणे १३,००० रुपये. प्रत्येक खोलीत दोघे धरले तर दहा जणांची सोय होते. उरलेल्या चौघांसाठी जादा गाद्या प्रत्येकी ६०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये. एकूण १५,४०० रुपये. त्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर मिळून १६,१७० रुपये, म्हणजे माणशी १,१५५ रुपये.

संपूर्ण बंगल्याचे एका रात्रीचे भाडे १४,००० रुपये असेल आणि त्यावर अठरा टक्के कर लागत असेल, तर एकूण १६,५२० रुपये होतात, म्हणजे माणशी १,१८० रुपये. दोन्ही पर्याय जवळपास सारखेच.

आता तेच कुटुंब वीस जणांचे झाले, असे धरू. हॉटेलच्या सात खोल्या आणि सहा जादा गाद्या मिळून करासह २२,८९० रुपये होतात, म्हणजे माणशी १,१४५ रुपये. बंगल्याने वीस जणांसाठी तेच भाडे घेतले, तर माणशी खर्च ८२६ रुपयांवर येतो. हॉटेलचा खर्च माणसांबरोबर वाढतो, तर बंगल्याचा खर्च ठरावीक राहतो. दहा-बारा माणसांपर्यंत बंगल्याचा विशेष लाभ होत नाही. पंधरा-सोळाच्या पुढे तो दिसू लागतो. मात्र अनेक बंगल्यांत ठरावीक संख्येनंतर प्रत्येक जादा माणसामागे पैसे आकारतात. ती संख्या आधी विचारून घ्यावी.

कराची बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोलीवर पाच टक्के, तर त्याहून अधिक भाड्याच्या निवासावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. ही मर्यादा भाड्याने दिलेल्या एककाला लागते. त्यामुळे पाच स्वतंत्र खोल्या पाच टक्क्यांत बसतात. तोच बंगला एकसंध भाड्याने दिला की अठरा टक्क्यांत जातो. ज्या मालकाची कर नोंदणी नाही, त्याला ग्राहकाकडून हा कर घेता येत नाही. पावतीवर कर दाखवला असेल, तर नोंदणी क्रमांक तेथे छापलेला आहे का, ते अवश्य पाहावे. धर्मादाय संस्थांच्या धार्मिक स्थळाच्या आवारातील, दिवसाला हजार रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोल्यांना या करातून सूट आहे.

उद्यानाच्या आवारातील हॉटेल

येथे ने-आणीचा खर्च नाही, दुपारी दमलेल्या मुलाला खोलीवर नेता येते आणि काही वेळा तिकीट, निवास व न्याहारी यांचा एकत्रित दर मिळतो. चौकोनी कुटुंबाला तो सोयीचा ठरू शकतो. मोठ्या कुटुंबाने मात्र त्या दरात कोणकोणत्या व्यक्तींची तिकिटे धरली आहेत, हे पाहावे. जे आजोबा पाळण्यात बसणारच नाहीत, त्यांचेही तिकीट त्यात गृहीत धरलेले असते. सर्वांत स्वस्त दर आठवड्याच्या मधल्या वारी आणि शाळा सुरू असताना मिळतात. मे महिन्यात आणि दिवाळीत ती अपेक्षा ठेवू नये.

खोपोली आणि खालापूर

खोपोली हे पूर्वापार विसाव्याचे गाव आहे. १८५६ साली रेल्वे येथवर आली. १८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू होईपर्यंत पुण्याकडे जाणारे प्रवासी येथे उतरून डोली किंवा घोड्यावरून घाट चढत असत. नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर आजही गावात आहे. साधी लॉजे, जेवणाची खानावळ, औषधाचे दुकान आणि दवाखाना या सगळ्या सोयी हाताशी असल्याने कमी खर्चात एक रात्र काढण्यासाठी खोपोली उत्तम. येथील लॉजवर फार अपेक्षा न ठेवता खोली प्रत्यक्ष पाहून, विशेषतः स्वच्छतागृह आणि गरम पाण्याची सोय तपासून, मगच पैसे द्यावेत. गावात रिक्षा मिळतात. परंतु चौदा जणांसाठी चार-पाच रिक्षा दोन्ही वेळा करण्यापेक्षा एखादी मोठी गाडी ठरवणे बहुधा स्वस्त पडते.

पाली आणि महड

मोठ्या कुटुंबांच्या लक्षात सहसा न येणारा, परंतु त्यांना सर्वाधिक उपयोगी पडेल असा पर्याय याच रस्त्यावर आहे. अष्टविनायकांपैकी दोन गणपती उद्यानाच्या दोन अंगांना आहेत. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि पुढे सुधागड तालुक्यात पालीचा बल्लाळेश्वर. महड म्हणजे चवदार तळ्याचे महाड नव्हे. दूरध्वनीवर चौकशी करताना हा घोटाळा हमखास होतो. पाली उद्यानापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. तेथे देवस्थानचे भक्तनिवास आहे, यात्रेकरूंसाठी लहान लॉजे आहेत आणि घरगुती जेवणाची सोयही होते.

भक्तनिवासातील खोल्या चार-पाच जणांना पुरतील अशा असतात, भाडे माफक असते आणि एका वेळी मोठ्या संख्येने माणसे येण्याची तेथील व्यवस्थेला सवय असते. हिशेबाच्या त्याच रीतीने पाहायचे तर, ९०० रुपयांच्या चार खोल्यांचे ३,६०० रुपये आणि दिवसभराच्या गाडीचे ५,००० रुपये मिळून माणशी ६१४ रुपये होतात. गाडी आधीच सोबत असेल, तर केवळ इंधनाचाच खर्च वाढतो.

पैशांपेक्षाही मोठा लाभ वेगळाच आहे. मुले आणि तरुण मंडळी उद्यानात असताना ज्येष्ठांना बल्लाळेश्वराचे दर्शन घेता येते, जवळच्या उन्हेरे येथील गरम पाण्याच्या कुंडांवर जाता येते किंवा सरसगडाच्या पायथ्याशी निवांत बसता येते. पाळण्यांच्या रांगांजवळ बाकावर पिशव्या सांभाळत दिवसभर बसण्याची पाळी त्यांच्यावर येत नाही आणि त्यांच्या तिकिटांचे पैसेही वाचतात.

मात्र भक्तनिवास ही भाविकांसाठी केलेली सोय आहे, याचे भान ठेवणे आवश्यक आहे. मद्य व मांसाहार तेथे वर्ज्य असतो, रात्री दरवाजे लवकर बंद होतात आणि उशिरा येणार असल्यास आधी कळवावे लागते. उद्यान बंद झाल्यावर निघून पालीला किती वाजता पोहोचणार, हे आगाऊ सांगून परवानगी घ्यावी. संकष्टी, अंगारकी, भाद्रपद आणि माघ महिन्यांतील उत्सवांच्या दिवसांत खोली मिळण्याची आशा करू नये. त्या दिवसांत ती भाविकांनाच मिळायला हवी.

लोणावळा, खंडाळा आणि कार्ला

घाटमाथ्यावरील लोणावळा-खंडाळ्यात भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांची संख्या मोठी आहे. लोणावळ्याजवळ मालपाणी समूहाचेच 'वेट एन जॉय' हे जलउद्यान असल्याने घाट न उतरताही मुलांची हौस भागू शकते. कार्ला येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. तेथे जवळजवळच्या खोल्या एकत्र घेता येतात आणि कार्ला-भाजे लेणी व एकवीरा देवीचे दर्शन यांमुळे ज्येष्ठांचाही दिवस सार्थकी लागतो. शहरात निरनिराळ्या ज्ञातींच्या विश्वस्त संस्थांची जुनी आरोग्यभुवनेही आहेत. त्यांपैकी काही केवळ आपल्या ज्ञातीच्या लोकांनाच खोल्या देतात, तर काही इतरांनाही देतात. त्यामुळे आधी चौकशी करणे इष्ट.

रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नकाशावर खोपोली आणि लोणावळा शेजारी दिसतात. परंतु खोपोलीचा लोहमार्ग तेथेच संपतो. लोणावळ्याला जाणारा मार्ग कर्जतनंतर पळसदरीहून वेगळा होऊन घाट चढतो. लोणावळ्यात राहून इमॅजिकाला जायचे असेल, तर घाटातून गाडीनेच उतरावे लागते. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात घाटात होणारी वाहतुकीची कोंडी विचारात घेता, खोपोलीकडच्या उद्यानासाठी लोणावळ्याचा मुक्काम फारसा सोयीचा नाही.

कर्जतची शेतघरे आणि संस्थांची निवासस्थाने

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत शेतघरे व कृषी पर्यटन केंद्रे आहेत. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आणले असून, अशा केंद्रांची पर्यटन विभागाकडे नोंदणी होते. बऱ्याच केंद्रांत दर माणशी असतो आणि त्यात चहा, न्याहारी व दोन वेळचे जेवण धरलेले असते. मोठ्या कुटुंबाला खर्चाचा अंदाज सर्वांत सहज येतो तो येथेच. लहान मुलांसाठी अर्धा दर असतो. ती वयोमर्यादा विचारून घ्यावी.

कुटुंबातील कोणी रेल्वे, बँक, विमा कंपनी किंवा सरकारी उपक्रमात नोकरीला असेल, अथवा तेथून निवृत्त झाले असेल, तर त्या संस्थेच्या 'हॉलिडे होम'ची चौकशी प्रथम करावी. लोणावळा, माथेरान, महाबळेश्वर अशा ठिकाणी असलेल्या या खोल्यांचे भाडे बाजारभावाच्या मानाने नगण्य असते. अडचण एवढीच की, एका कर्मचाऱ्याला एक किंवा दोनच खोल्या मिळतात आणि अर्ज बराच आधी करावा लागतो. दोन भावंडे दोन वेगवेगळ्या संस्थांत असतील, तर एकाच गावातील दोन निवासस्थाने एकाच तारखेला मिळवून कुटुंब जमवता येते.

शिर्डीचा वेगळा मार्ग

हाताशी तीन दिवस असतील, तर शिर्डीचाही विचार करता येईल. तेथे जलउद्यान आहे, 'साईतीर्थ' हे भक्तिपर उद्यान आहे आणि साईबाबा संस्थानची भक्तनिवासे तर हजारो लोकांना सामावून घेणारी आहेत. खोल्यांची नोंदणी संस्थानमार्फत आगाऊ करता येते आणि प्रसादालयात भोजनाची सोय आहे. निवास व जेवण या दोन्ही बाबतींत मोठ्या कुटुंबाला इतकी स्वस्त सोय अन्यत्र मिळणे कठीण. साहजिकच वाचलेल्या पैशांतील काही भाग लांबच्या प्रवासावर खर्च होतो. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळील आमणेपर्यंत पूर्ण झाल्याने उपनगरांतून शिर्डीला जाणे सुकर झाले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-साईनगर शिर्डी वंदे भारत ठाण्याला थांबते. मात्र मोठ्या कुटुंबाला तिचे भाडे जड जाऊ शकते.

एसटीच्या सवलती

गाडी ठरवण्यापूर्वी एसटीचा हिशेब जरूर करून पाहावा. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्य परिवहनच्या बसमधून मोफत प्रवास करता येतो, ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्याची सवलत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट असते. चौदा जणांच्या कुटुंबात पूर्ण भाडे देणारे पुरुष चार-पाचच निघतात. खोपोली-पाली मार्गावरील बसने उद्यानाचा फाटा गाठता येतो. परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र खोपोली किंवा पाली स्थानकावर विचारून ठेवावी. आधार कार्ड सोबत असू द्यावे.

स्वतःच्या मोटारींनी जाणाऱ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोलीसह मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर पथकर माफ आहे. द्रुतगती मार्गाचा पथकर मात्र द्यावा लागतो. दुचाकींना द्रुतगती मार्गावर बंदी असल्याने मोटारसायकलवरून मागून येणाऱ्या तरुण मंडळींनी जुन्या महामार्गानेच यावे.

स्वयंपाकघराची खरी किंमत

बंगला घेताना स्वयंपाकघर असल्याचे मोठे कौतुक होते. बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास बहुतेक उद्यानांत मनाई असते आणि आतील जेवण महाग पडते. त्यामुळे सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण मुक्कामी करण्यात पैसे नक्कीच वाचतात. प्रश्न आहे तो करणार कोण, याचा. पंधरा जणांच्या पोळ्या लाटण्यात घरातील दोन-तीन स्त्रियांची सकाळ आणि संध्याकाळ जाणार असेल, तर ती बचत त्यांच्या सुटीतून झालेली असते. बंगल्याच्या केअरटेकरकडे चौकशी केल्यास गावातील स्वयंपाकीण मिळते किंवा डबा पोहोचवणारे घरगुती खानावळवाले सापडतात. हा खर्च निवासाच्या हिशेबात सुरुवातीलाच धरावा. घरून नेलेले लाडू, चिवडा आणि ठेपले यांच्या जोडीला रात्री खिचडी-कढी एवढाच बेत ठेवला, तरी भार पुष्कळ हलका होतो.

फसवणूक आणि धोके

सुटीच्या हंगामात बंगल्यांची खोटी छायाचित्रे दाखवून आगाऊ पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. दर संशयास्पदरीत्या कमी असेल आणि संपूर्ण रक्कम तातडीने एखाद्या खासगी क्रमांकावर पाठवण्याचा आग्रह होत असेल, तर व्यवहार थांबवावा. मालकाला व्हिडिओ कॉलवर बंगला दाखवण्यास सांगावे, पत्ता नकाशावर पडताळावा, शक्य असल्यास त्या भागातील ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. आगाऊ रक्कम थोडीच द्यावी आणि तिची पावती घ्यावी. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक. सेवेविषयीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्याहून गंभीर प्रश्न पाण्याचा आहे. लोणावळा परिसरातील खासगी बंगल्यांच्या जलतरण तलावांत लहान मुले बुडाल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. अशा तलावांवर जीवरक्षक नसतो आणि अनेक ठिकाणी कुंपणही नसते. माणसे पुष्कळ असली की प्रत्येकाला वाटते, मुलांकडे दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष आहे. मोठ्या कुटुंबात हाच धोका अधिक. तान्ही आणि रांगती मुले सोबत असतील, तर तलाव नसलेला बंगला निवडावा. तो स्वस्तही पडतो. तलाव असेलच, तर मुले पाण्यात असेपर्यंत एका प्रौढ व्यक्तीची नाव घेऊन नेमणूक करावी. पावसाळ्यात धबधब्यांपासून दूर राहावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले होते.

नोंदणीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. भाडे किती माणसांचे? जादा माणसामागे व जादा गादीमागे किती? किती वयापर्यंतची मुले मोफत?
२. कर धरून की वेगळा? अनामत रक्कम किती आणि ती केव्हा परत मिळणार?
३. स्वच्छतागृहे किती? सकाळी उद्यान गाठायचे असल्यास पाच-सहा जणांमागे एक तरी हवे.
४. ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर खोली आणि कमोडची सोय आहे का?
५. खोली कोणत्या वेळेस मिळते आणि किती वाजता सोडावी लागते? त्याआधी-नंतर सामान ठेवता येते का?
६. वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का? पाणी टँकरचे की नळाचे?
७. मोठी गाडी दारापर्यंत येते का? चालकाच्या झोपण्याची सोय काय?
८. बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळते?

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत ठेवावे. परदेशी नागरिकत्व घेतलेले नातेवाईक सोबत असतील, तर तसे आधीच सांगावे. त्यांच्या मुक्कामाची माहिती चोवीस तासांत कळवण्याचे बंधन निवासमालकावर असते आणि ती तयारी नसलेले लहान लॉज ऐन वेळी खोली नाकारू शकतात. उद्यानाच्या तिकिटांबाबतही एक बाब लक्षात घ्यावी. अनेक उद्यानांत मुलांचे तिकीट वयाऐवजी उंचीवर ठरते आणि मोठ्या पाळण्यांसाठीही उंचीची अट असते. निघण्यापूर्वी घरीच मुलांची उंची मोजावी. त्यावरून किती तिकिटे पूर्ण लागतील, हे कळते आणि दारात हिरमोडही होत नाही.

सारांश असा की, मे महिन्याच्या मुक्कामाची चौकशी मार्चमध्येच सुरू करावी, शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवारचे दिवस निवडावेत आणि माणसांची पक्की यादी हाती आल्यावरच ठिकाण ठरवावे. बारा माणसांपर्यंत खोपोलीचे लॉज किंवा पालीचे भक्तनिवास, पंधराच्या पुढे बंगला किंवा शेतघर आणि तीन दिवसांची सवड असल्यास शिर्डी, अशी ढोबळ विभागणी करता येईल. यादी करताना आजी-आजोबांची नावे सर्वांत वर लिहावीत आणि त्यांचा दिवस कोठे चांगला जाईल, तेथून ठिकाणाचा शोध सुरू करावा. मुलांची हौस तर कोठेही राहिले तरी भागणारच असते.